मागणी, पुरवठा आणि खर्च वक्र

मागणी वक्र, पुरवठा वक्र आणि खर्च वक्र हे सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासातील मूलभूत आलेख होत. एखाद्या वस्तूच्या निरनिराळ्या किमतींना ग्राहक त्या वस्तूचे किती नग विकत घेण्यास तयार असतात, हे मागणी वक्र दाखवतो. त्याच किमतींना विक्रेते किती नग विकण्यास तयार असतात, हे पुरवठा वक्र दाखवतो. उत्पादन वाढत जाताना उत्पादकाचा खर्च कसा बदलतो, हे खर्च वक्रांवरून समजते. पाठ्यपुस्तकांत हे आलेख बहुधा स्वतंत्र प्रकरणांत येतात. त्यामुळे पुरवठा वक्र हा खर्च वक्रातूनच निघतो, ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेकदा नजरेआड होते. उत्पादन खर्चाहून कमी भावातही माल बाजारात का येत राहतो, या प्रश्नाचे उत्तर याच संबंधात आहे.

या लेखात उदाहरणादाखल कांद्याची बाजारपेठ घेतली आहे. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव ही देशातील कांद्याच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक असून तेथे लिलावाने भाव ठरतो. कांद्याचे उत्पादक असंख्य असतात. त्यांपैकी एकट्याच्या मालाने भावावर परिणाम होत नाही. पूर्ण स्पर्धेच्या पुस्तकी कल्पनेला जवळ जाणाऱ्या मोजक्या बाजारांत या बाजाराची गणना करता येते. लेखात क्विंटल आणि रुपयांत दिलेले आकडे मात्र स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत.

इतिहास

मागणीचा आलेख काढून त्यावरून निष्कर्ष मांडण्याचे श्रेय फ्रेंच गणितज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ आंत्वान ऑगस्तँ कूर्नो यांना दिले जाते. त्यांचा ग्रंथ १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण बराच काळ दुर्लक्षित राहिला. समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींवर काम केलेले अभियंते फ्लीमिंग जेन्किन यांनी १८७० मध्ये मागणी-पुरवठ्याची आलेखी मांडणी केली. आज परिचित असलेले स्वरूप या आलेखांना आल्फ्रेड मार्शल यांच्यामुळे आले. त्यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. आलेखांना इतके महत्त्व देणाऱ्या मार्शल यांनी या ग्रंथात बहुतेक आलेख तळटीपांत ठेवले होते.

कूर्नो यांनी किंमत आडव्या अक्षावर घेतली होती, मार्शल यांनी ती उभ्या अक्षावर घेतली. गणिताच्या रूढीप्रमाणे कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर दाखवतात. ‘किंमत बदलली की मागणी बदलते’ असे म्हणताना किंमत हे कारण असते, म्हणून ती आडव्या अक्षावर हवी. मार्शल यांची मांडणी उलट दिशेची होती. अमुक इतके नग बाजारात खपण्यासाठी भाव काय असावा लागेल, असा त्यांचा प्रश्न होता. पुढील पाठ्यपुस्तकांनी प्रश्न कूर्नोंचा आणि अक्ष मार्शल यांचे घेतले. गणिताकडून अर्थशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचा सुरुवातीचा गोंधळ बऱ्याच अंशी या सरमिसळीतून होतो.

मागणी वक्र

इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत कमी झाल्यास मागणी वाढते आणि किंमत वाढल्यास मागणी कमी होते. यास मागणीचा नियम म्हणतात. त्यामुळे मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरत जातो. अर्थशास्त्रात नुसत्या इच्छेला मागणी म्हणत नाहीत. इच्छेला खरेदीशक्तीची आणि खर्च करण्याच्या तयारीची जोड असावी लागते.

वक्राच्या उताराची दोन कारणे सांगितली जातात. वस्तू महागली की ग्राहक दुसऱ्या वस्तूकडे वळतो, हा पर्यायता परिणाम होय. तसेच त्याच पैशांत आता कमी वस्तू येतात, म्हणजे त्याचे वास्तव उत्पन्न घटते, हा उत्पन्न परिणाम होय. क्वचित एखाद्या निकृष्ट वस्तूच्या बाबतीत दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो आणि किंमत वाढूनही मागणी वाढते. अशा वस्तूला गिफेन वस्तू म्हणतात. पाठ्यपुस्तकांत तिला मिळणारी जागा प्रत्यक्षातील तिच्या आढळाच्या मानाने पुष्कळच मोठी आहे.

पुरवठा वक्र

इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढल्यास पुरवठा वाढतो, म्हणून पुरवठा वक्र सामान्यतः डावीकडून उजवीकडे वर चढतो. येथे साठा आणि पुरवठा यांत फरक करावा लागतो. कांदाचाळीत ठेवलेला कांदा हा साठा होय. त्यांपैकी विशिष्ट भावाला, विशिष्ट दिवशी विक्रीला काढलेला कांदा हा पुरवठा होय. रब्बीचा म्हणजे उन्हाळ कांदा टिकाऊ असल्याने तो चाळीत काही महिने राखता येतो आणि भाव पटला नाही तर शेतकरी थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत साठा आणि पुरवठा जवळपास एकच ठरतात.

समतोल किंमत

पुढील तक्त्यात एका बाजारपेठेतील मागणी व पुरवठा दाखवला आहे.

| भाव (रुपये प्रति क्विंटल) | मागणी (हजार क्विंटल) | पुरवठा (हजार क्विंटल) |
|---|---|---|
| १,००० | ९० | ६० |
| १,५०० | ८० | ८० |
| २,००० | ७० | १०० |

१,५०० रुपये भावाला मागणी आणि पुरवठा समान होतात. ही समतोल किंमत होय. भाव २,००० असल्यास ३० हजार क्विंटल माल विक्रीवाचून उरतो आणि विक्रेते भाव उतरवतात. भाव १,००० असल्यास तितक्याच मालाचा तुटवडा पडतो आणि खरेदीदार चढी बोली लावतात. समतोल किंमत ही न्याय्य किंमत असते, असा दावा यात नाही. त्या भावाला विकायला तयार असलेल्याचा माल शिल्लक राहत नाही आणि घ्यायला तयार असलेला रिकाम्या हाताने परतत नाही, इतकाच तिचा अर्थ.

वक्रावरील हालचाल आणि वक्राचे स्थलांतर

प्राथमिक अभ्यासातील सर्वाधिक चुका या ठिकाणी होतात. ‘किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत उतरली, किंमत उतरली म्हणून मागणी पुन्हा वाढली’ असा युक्तिवाद वरकरणी बरोबर वाटतो, पण त्याला शेवट नाही. यात ‘मागणी’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला गेला आहे, हे त्याचे कारण होय.

किंमत बदलल्यामुळे ग्राहक त्याच वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो, तेव्हा मराठी पाठ्यपुस्तके त्यास मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणतात. ग्राहकांचे उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या, पर्यायी वा पूरक वस्तूंच्या किमती यांपैकी काही बदलल्यास पूर्ण वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो. त्यास मागणीची वृद्धी किंवा ऱ्हास म्हणतात. पुरवठ्यासाठीही हेच चार शब्द योजले जातात. ही चार वेगळी नावे सुरुवातीला पाठांतराचे ओझे वाटतात. तथापि वरील गोंधळाची उकल त्यांतच आहे. वरच्या युक्तिवादात पहिली ‘घट’ हा संकोच आहे आणि संकोच हा किमतीचा परिणाम असल्याने तो पुन्हा किमतीचे कारण होऊ शकत नाही. किंमत उतरवू शकतो तो केवळ मागणीचा ऱ्हास किंवा पुरवठ्याची वृद्धी.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव काही दिवस बंद राहिले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातीवर बंदी घालण्यात आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द होऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटवले गेले. या निर्णयांचा आलेखावरील अर्थ असा, की बाजार समितीतील खरेदीदारांच्या मागणीत परदेशी ग्राहकांचा वाटा असतो. बंदीमुळे तो वाटा निघून जातो आणि मागणी वक्र डावीकडे सरकतो. शुल्कामुळे तो वाटा पूर्णपणे जात नाही, पण निर्यातदार शेतकऱ्याला देऊ शकतो तो भाव शुल्काच्या प्रमाणात कमी होतो.

वरील तक्त्यात प्रत्येक भावाला मागणी १५ हजार क्विंटलने घटली असे मानल्यास नवा समतोल १,२५० रुपये भावाला आणि ७० हजार क्विंटलवर येतो. विक्रीला आलेला माल ८० वरून ७० हजार क्विंटलवर आला, हा पुरवठ्याचा संकोच आहे, ऱ्हास नव्हे. पुरवठा वक्र जागचा हललेला नाही. उलट, काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस किंवा गारपीट होऊन पीक नासले, तर पुरवठ्याचा ऱ्हास होतो आणि भाव चढतो. दोन्ही प्रसंगी बाजारात येणारा माल कमीच होतो, परंतु भाव विरुद्ध दिशांना जातो. केवळ ‘आवक घटली’ एवढ्या माहितीवरून भाव कुठे जाईल हे सांगता येत नाही, ते यामुळेच.

मागणीची लवचिकता

किमतीतील शेकडा बदलामुळे मागणीत किती शेकडा बदल होतो, त्या गुणोत्तरास मागणीची किंमत लवचिकता म्हणतात. जीवनावश्यक आणि सहज पर्याय नसलेल्या वस्तूंची मागणी अलवचिक असते. इंग्लंडमधील धान्याच्या बाबतीत हे सतराव्या शतकातच लक्षात आले होते. चार्ल्स डेव्हनंट यांनी १६९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि ग्रेगरी किंग यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार पीक एकदशांशाने घटल्यास भाव तीनदशांशाने वाढतो, आणि पीक निम्म्यावर आल्यास भाव मूळ भावाच्या साडेचार पटींनी वाढतो. याचा व्यत्यासही खरा आहे. मागणी अलवचिक असताना पीक भरघोस आले, की भाव त्याहून अधिक प्रमाणात कोसळतो आणि सर्व शेतकऱ्यांचे मिळून उत्पन्न घटते. एकट्या शेतकऱ्याला अधिक पिकवण्यात फायदा दिसतो, पण सर्वांनी तेच केले की तोटा होतो. शहरी ग्राहकाच्या दृष्टीने हीच अलवचिकता टंचाईच्या काळात जाचते. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीच्या निकालात कांद्याच्या भाववाढीचा वाटा होता, असे मानले जाते.

खर्च वक्र

अल्पकाळात उत्पादनाचे काही घटक बदलता येत नाहीत. त्यांवरील खर्च उत्पादन शून्य असले तरी करावाच लागतो. तो स्थिर खर्च होय. उत्पादनाबरोबर बदलणारा तो बदलता खर्च. दोहोंची बेरीज म्हणजे एकूण खर्च. एकूण खर्चाला नगसंख्येने भागले की सरासरी खर्च मिळतो. उत्पादन एका नगाने वाढवल्यास एकूण खर्चात पडणारी भर म्हणजे सीमान्त खर्च.

दोन एकरांच्या एका कल्पित कांदा उत्पादकाचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे. जमिनीचा खंड, विहिरीच्या कर्जाचा हप्ता इत्यादी स्थिर खर्च ४०,००० रुपये मानला आहे. बियाणे, खते, औषधे, लागवड व काढणीची मजुरी हा बदलता खर्च आहे.

| उत्पादन (क्विंटल) | बदलता खर्च | एकूण खर्च | सरासरी बदलता खर्च | सरासरी एकूण खर्च | सीमान्त खर्च (प्रति क्विंटल) |
|---|---|---|---|---|---|
| ४० | ३२,००० | ७२,००० | ८०० | १,८०० | ८०० |
| ८० | ५६,००० | ९६,००० | ७०० | १,२०० | ६०० |
| १२० | ८४,००० | १,२४,००० | ७०० | १,०३३ | ७०० |
| १६० | १,२४,००० | १,६४,००० | ७७५ | १,०२५ | १,००० |
| २०० | १,८४,००० | २,२४,००० | ९२० | १,१२० | १,५०० |
| २४० | २,७६,००० | ३,१६,००० | १,१५० | १,३१७ | २,३०० |

सीमान्त खर्च प्रथम घटतो आणि नंतर वाढतो. जमीन तितकीच असताना खत, पाणी, मजूर वाढवत गेल्यास काही मर्यादेनंतर प्रत्येक वाढीव मात्रेतून मिळणारे जादा उत्पादन कमी होत जाते. या घटत्या सीमान्त उत्पादनाच्या नियमाचीच ही पैशांतील बाजू होय. सरासरी खर्चाचे वक्र इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे असतात आणि सीमान्त खर्चाचा वक्र त्यांना त्यांच्या नीचतम बिंदूंपाशी छेदून वर जातो. हा योगायोग नाही, ते अंकगणित आहे. एखाद्या फलंदाजाने ताज्या डावात आपल्या सरासरीहून कमी धावा केल्या की सरासरी उतरते, जास्त केल्या की चढते. सीमान्त खर्च हा ताजा डाव आहे. तक्त्यात १६० क्विंटलच्या टप्प्यावर सीमान्त खर्च १,००० असून आधीच्या १,०३३ या सरासरीहून कमी आहे, म्हणून सरासरी उतरून १,०२५ होते. पुढचा टप्पा १,५०० चा आहे, म्हणून ती चढते.

अर्थशास्त्रीय खर्च हा हिशेबाच्या वहीतील खर्चाहून व्यापक असतो. घरच्या माणसांनी केलेली मेहनत, स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलावरील व्याज यांसाठी रोख रक्कम मोजावी लागत नाही. पण तेच श्रम व तीच साधने दुसरीकडे लावून मिळाले असते ते उत्पन्न गमवावे लागते. यास संधी खर्च म्हणतात. हा फरक केवळ तात्त्विक नाही. भारतात कृषी खर्च व मूल्य आयोग प्रत्यक्ष केलेला खर्च (‘ए२’), त्यात घरच्या श्रमाचे मोल धरून येणारा खर्च (‘ए२ अधिक एफएल’) आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही धरणारा व्यापक खर्च (‘सी२’) असे निरनिराळे हिशेब मांडतो. किमान आधारभूत किंमत ‘खर्चाच्या दीडपट’ असावी, यावर सरकार आणि शेतकरी संघटना यांचे वरकरणी एकमत असूनही वाद चालू राहतो. दीडपट करायचा खर्च यांपैकी कोणता, हा त्या वादाचा गाभा आहे. कांद्याला मात्र आधारभूत किमतीचे संरक्षण नाही.

खर्च वक्रातून पुरवठा वक्र

पूर्ण स्पर्धेत उत्पादकाला बाजारभाव आहे तसा स्वीकारावा लागतो. पुढचा क्विंटल पिकवण्याचा खर्च भावापेक्षा कमी आहे तोवर तो पिकवण्यात फायदा असतो; म्हणून तो सीमान्त खर्च भावाइतका होईपर्यंत उत्पादन वाढवतो. १,६०० रुपये भाव अपेक्षित असल्यास वरील उत्पादक २०० क्विंटल पिकवतो आणि त्याला ९६,००० रुपये नफा होतो.

भाव ८५० असल्यास काय होईल? सरासरी एकूण खर्च कोणत्याही टप्प्यावर १,०२५ च्या खाली जात नाही, तेव्हा तोटा अटळ आहे. तरीही उत्पादन थांबवणे हिताचे नाही. १२० क्विंटल पिकवल्यास १,०२,००० रुपये हाती येतात, खर्च १,२४,००० होतो आणि तोटा २२,००० चा होतो. काहीच न पिकवल्यास स्थिर खर्चाचे पूर्ण ४०,००० रुपये बुडतात. भाव ६०० वर आला तर मात्र बदलता खर्चसुद्धा भरून निघत नाही आणि जमीन पडीक ठेवणेच कमी तोट्याचे ठरते. सरासरी बदलत्या खर्चाचा नीचतम बिंदू (येथे ७०० रुपये) हा उत्पादन बंद करण्याचा बिंदू होय, आणि सरासरी एकूण खर्चाचा नीचतम बिंदू (सुमारे १,०२५ रुपये) हा ना नफा ना तोटा बिंदू होय. बंद बिंदूच्या वरचा सीमान्त खर्च वक्र हाच त्या उत्पादकाचा अल्पकालीन पुरवठा वक्र असतो. सर्व उत्पादकांचे असे वक्र आडव्या दिशेने मिळवले की बाजाराचा पुरवठा वक्र तयार होतो.

हा निर्णय लागवडीपूर्वीचा आहे. पीक हाती आल्यानंतर हिशेब पालटतो, आणि पाठ्यपुस्तके नेमका हा भाग घाईने उरकतात. कांदा शेतात तयार असताना बियाणे, खते, लागवडीची मजुरी हा सर्व खर्च होऊन गेलेला असतो. तो आता स्थिर खर्चासारखाच, किंबहुना बुडीत खर्च आहे. कांदा विकला तरी आणि न विकला तरी तो परत फिरवता येत नाही. निर्णयावर परिणाम करतो तो केवळ काढणी, पात कापणे, प्रतवारी, हमाली आणि बाजार समितीपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च. हा खर्च क्विंटलमागे ३०० रुपये धरला, तर भाव ४०० झाला तरी कांदा बाजारात आणण्यात १०० रुपयांचे हित आहे, मग पिकवण्याचा सरासरी खर्च हजाराच्या पुढे का असेना. भाव ३०० च्याही खाली गेल्यास उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवणे हा संतापाचा आविष्कार असतो तसाच तो सीमान्त खर्चाचा हिशेबही असतो. ‘परवडत नसेल तर विकता कशाला?’ या नेहमीच्या प्रश्नात लागवडीपूर्वीचा खर्च आणि काढणीनंतरचा खर्च यांची गल्लत झालेली असते.

मार्शल यांनी काळाचे जे विभाजन केले, त्याचा आशय हाच आहे. अत्यल्प काळात माल जेवढा आहे तेवढाच असतो, पुरवठा वक्र जवळजवळ उभा असतो आणि किंमत मुख्यतः मागणी ठरवते. काळ जसा लांबतो तसे अधिकाधिक खर्च टाळता येण्याजोगे होतात, पुरवठा वक्र आडवा होत जातो आणि किमतीवर उत्पादन खर्चाचा प्रभाव वाढतो. किंमत उपयोगितेने ठरते की खर्चाने, हा वाद मार्शल यांनी कात्रीच्या उपमेने मिटवला: कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, असे विचारण्यात अर्थ नाही.

यावरून धोरणाच्या वेळेचे महत्त्वही कळते. आधीच्या उदाहरणात मागणी १५ हजार क्विंटलने घटल्यावर भाव १,५०० वरून १,२५० वर आला, कारण पुरवठ्याला आखडता हात घेण्यास वाव होता. तीच घट नाशिवंत माल बाजारात येऊन पडल्यावर झाली, म्हणजे पुरवठा ८० हजार क्विंटलवर ताठ उभा असेल, तर तो सर्व माल खपण्यासाठी भाव ७५० पर्यंत उतरावा लागतो. मागणीचा धक्का तोच असून भावातील घसरण तिप्पट होते.

दीर्घकालीन खर्च वक्र आणि व्हायनर यांची चूक

दीर्घकाळात कोणताही खर्च स्थिर नसतो. उत्पादक जमीन, यंत्रे, कारखान्याचे आकारमान सर्व काही बदलू शकतो. प्रत्येक आकारमानाचा एकेक अल्पकालीन सरासरी खर्च वक्र असतो. त्या सर्वांना खालून स्पर्श करत जाणारा वक्र म्हणजे दीर्घकालीन सरासरी खर्च वक्र. त्यास आवरण वक्र किंवा नियोजन वक्र असेही म्हणतात.

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी खर्च वक्र व पुरवठा वक्र यांच्या संबंधावरील आपला प्रसिद्ध लेख १९३१ मध्ये व्हिएन्नाहून निघणाऱ्या एका नियतकालिकात लिहिला. दीर्घकालीन वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या नीचतम बिंदूतून जावा आणि तरीही कोणत्याही अल्पकालीन वक्राच्या वर कुठेही जाऊ नये, अशी सूचना त्यांनी आकृती काढणाऱ्या वाँग या गणितज्ञाला केली. असा वक्र काढता येत नाही, हे वाँग यांनी निदर्शनास आणले. व्हायनर यांनी ते मानले नाही आणि आकृती चुकीचीच छापली गेली. १९५० मधील पुनर्मुद्रणाला जोडलेल्या टीपेत व्हायनर यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली. मूळ आकृती मात्र त्यांनी बदलली नाही, पुढील विद्यार्थ्यांना ती चूक शोधून काढण्याचा आनंद मिळावा म्हणून.

चुकीचे कारण भूमितीत आहे. उतरत्या वक्राला दुसरा वक्र स्पर्श करत असेल, तर स्पर्शबिंदूपाशी दोघांचा उतार समान असतो, म्हणजे दुसराही तेथे उतरताच असला पाहिजे. नीचतम बिंदूपाशी तर उतार शून्य असतो. म्हणून दीर्घकालीन वक्राच्या उतरत्या भागात तो अल्पकालीन वक्रांना त्यांच्या नीचतम बिंदूच्या डावीकडे स्पर्श करतो, चढत्या भागात उजवीकडे, आणि केवळ स्वतःच्या नीचतम बिंदूपाशी तो अल्पकालीन वक्राच्या नीचतम बिंदूला भेटतो. आर्थिक भाषेत सांगायचे तर, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ अजून मिळायचे असताना लहान कारखाना पुरेपूर चालवण्यापेक्षा थोडा मोठा कारखाना काहीसा रिकामा चालवणे स्वस्त पडते.

कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त

शेतमालाच्या बाबतीत लागवडीचा निर्णय आणि विक्री यांत काही महिन्यांचे अंतर असते. चालू हंगामाचा भाव पाहून शेतकऱ्यांनी पुढील हंगामाची लागवड ठरवली, तर चढ्या भावानंतर लागवड वाढते, पुढे आवक वाढून भाव कोसळतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर ही वाटचाल कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये या सिद्धान्ताला ते नाव दिले. पुरवठा वक्र मागणी वक्रापेक्षा अधिक खडा असल्यास हेलकावे कमी होत समतोल येतो. तो कमी खडा असल्यास हेलकावे वाढत जातात. कांद्याच्या भावातील चढउतारांचे स्पष्टीकरण अनेकदा या सिद्धान्ताने दिले जाते. मात्र तो शेतकऱ्याला अनुभवातून काहीच न शिकणारा मानतो, हा त्याच्यावरील मुख्य आक्षेप आहे. जॉन म्यूथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली विवेकी अपेक्षांची कल्पना या आक्षेपाशी निगडित आहे.

आकडेवारीतून वक्र शोधणे

मागणी आणि पुरवठा वक्र प्रत्यक्षात कोणालाही दिसत नाहीत. बाजार समितीच्या नोंदींत दिसतात ते केवळ त्या त्या दिवसाची आवक आणि भाव, म्हणजे दोन वक्रांचे छेदनबिंदू. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी १९१४ मध्ये अशा बिंदूंवरून कच्च्या लोखंडाचा मागणी वक्र काढला, तेव्हा तो वर चढणारा निघाला. तेजी-मंदीमुळे मागणी वक्र सरकत होता आणि मूर यांच्या हाती प्रत्यक्षात पुरवठा वक्राच्या जवळचे काहीतरी लागले होते. एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये ही अडचण स्पष्ट केली. मागणी वक्र स्थिर राहून पुरवठा वक्र सरकत असेल, तरच बिंदूंवरून मागणी वक्र उमटतो. दोन्ही सरकत असतील तर यांपैकी कोणताच उमटत नाही. फिलिप राइट यांच्या १९२८ मधील ग्रंथाच्या परिशिष्टात यावर उपाय सुचवला आहे: पुरवठ्यावर परिणाम करणारा पण मागणीवर न करणारा एखादा बाह्य घटक शोधावा. नाशिकमधील गारपीट हे अशा घटकाचे उत्तम उदाहरण ठरेल. तिने कांदा नासतो, पण दिल्ली-कोलकात्यातील ग्राहकाची भूक बदलत नाही.

टीका व मर्यादा

किमतीवर स्वतःचा प्रभाव असलेल्या उत्पादकाला पुरवठा वक्र नसतो. मक्तेदार किती विकायचे हे मागणी वक्राचा आकार पाहून ठरवतो, त्यामुळे एका किमतीला एकच पुरवठा असे नाते तेथे उरत नाही. पिएरो स्राफा यांनी १९२६ मध्ये असा आक्षेप घेतला, की बहुतेक कारखानदारांना उत्पादन वाढवण्यापासून वाढता खर्च नव्हे, तर जास्त माल खपवण्यातील अडचण रोखते. ऑक्सफर्डमधील हॉल आणि हिच यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उद्योजक सीमान्त खर्चाचा विचार फारसा करत नाहीत, सरासरी खर्चावर ठरावीक नफा चढवून किंमत ठरवतात, असे आढळले. हे आक्षेप कारखानदारीला जितके लागू पडतात तितके लिलावाच्या बाजाराला पडत नाहीत.

कांद्याच्या बाजारातही पूर्ण स्पर्धेची गृहीतके एका बाजूनेच पूर्ण होतात. विक्रेते असंख्य असले तरी एखाद्या बाजार समितीत बोली लावणारे मोठे व्यापारी मोजके असू शकतात. असे असल्यास लिलावात ठरणारा भाव दोन वक्रांच्या छेदनबिंदूच्या खाली राहतो आणि आलेखात दाखवला जाणारा समतोल प्रत्यक्ष व्यवहारापासून तितका दूर जातो.